वाघापलीकडचे बालाघाट : उकव्याच्या पठारावर काय पाहावे, कसे पाहावे

गोंदिया-बालाघाटमार्गे कान्हा व्याघ्र प्रकल्पाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे निघालेली पर्यटकांची वाहने सहसा उकव्याला थांबत नाहीत. थांबलीच तर चहापुरती. दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची सफारी ठरलेली असते, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे असते आणि उकवा म्हणजे मॅंगनीजच्या खाणीचे गाव, एवढीच त्याची ख्याती असते. परंतु ज्याला वाघाबरोबर त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचीही ओळख करून घ्यायची आहे, त्याने इथेच गाडीचा वेग कमी करावा. गोंड आणि बैगा या दोन समाजांचा प्रदेश इथून सुरू होतो.

बालाघाट शहर वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. शहर सोडून बैहरच्या रस्त्याला लागले की गांगुलपाऱ्याच्या बाजूने घाट सुरू होतो आणि सुमारे ४० किलोमीटरवर उकवा येते. घाटाखालचा मुलूख भाताचा, पोवारी आणि मराठी बोलणाऱ्यांचा, गोंदिया-भंडाऱ्याशी सोयरीक असलेला. घाटावरचा मुलूख सातपुड्याच्या मैकल रांगेचा. तिथले पाणीही वेगळ्या दिशेने जाते. खालची वैनगंगा अखेर गोदावरीच्या खोऱ्याला मिळते, तर बैहरच्या पठारावरची बंजर नदी मंडल्याजवळ नर्मदेत जाते. भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ साली बालाघाट जिल्हा केला गेला, तो मुख्यतः घाटावरच्या या विरळ वस्तीच्या प्रदेशात शेती वाढावी म्हणून. १९५६ पर्यंत या साऱ्या भागाची राजधानी नागपूर होती. मराठी माणसाला हा प्रदेश परका वाटतो तो राज्यांच्या सीमांमुळे, अंतरामुळे नव्हे.

मॅंगनीज गोमंतकीयांना नवे नाही. सांगे-केपे भागातील खाणींची लाल-काळी माती पाहिलेल्या माणसाला उकव्याच्या रस्त्याकडेची धूळ लगेच ओळखता येईल. फरक इतकाच की येथील खाण भूमिगत आहे. ‘मॉईल’ या नागपूरस्थित सरकारी कंपनीकडे ती आहे. कंपनीची सध्याची रचना १९६२ ची असली, तरी या पट्ट्यात ब्रिटिश भांडवलाने मॅंगनीज काढायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. याच जिल्ह्यातील भरवेलीची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाणींत गणली जाते, आणि बैहरच्या पुढे मलाजखंडला तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे. खाणीत पर्यटकांना प्रवेश नसतो आणि तो मिळवण्याच्या खटपटीत दिवस घालवण्याचे कारणही नाही. मात्र आदिवासी पठार म्हणजे जगापासून तुटलेले जग, अशी समजूत घेऊन कोणी आला असेल, तर खाणीच्या पाळीवर निघालेले कामगार पाहून ती तिथेच सोडावी. इथला गोंड शेतकरी भात पेरतो, त्याचा भाऊ खाणीत जातो आणि पुतणी तालुक्याच्या गावी शिकते.

पेज, तायकिळो आणि मोह

सुरुवात बाजारापासून करावी. पठारावरच्या मोठ्या गावांत आठवडी बाजार भरतो. वार आधी विचारून घ्यावा आणि त्याप्रमाणे मुक्काम आखावा, कारण आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे एका ठिकाणी सहजपणे भेटण्याची हीच जागा. सकाळी फार लवकर जाऊन उपयोग नाही. माणसे पायी येतात. बाजार भरतो तो दुपारकडे. बांबूच्या टोपल्या आणि सुपे, वाळवलेली मोहफुले, हंगामात तेंदूची फळे, चार, पावसाळ्यात जंगलातली अळंबी आणि नाना प्रकारच्या रानभाज्या असा माल असतो. चरोटा नावाची जी भाजी इथे ढिगाने खपते, ती दुसरीतिसरी कोणी नसून आपला टाकळा, म्हणजे गोव्यातला तायकिळो. पहिल्या पावसानंतर ती पठारावरही तशीच उगवते आणि तशीच खुडली जाते.

गोमंतकीयाला आणखी जवळचा वाटेल असा शब्द म्हणजे पेज. बैगांच्या दिवसाचे जेवण तीन नावांनी ओळखले जाते : सकाळची बासी, दुपारची पेज आणि रात्रीची बियारी. बासी म्हणजे रात्रीचे उरलेले, पेज म्हणजे कोदो, कुटकी किंवा मक्याची पातळ कांजी, आणि बियारी म्हणजे भाजी किंवा डाळीसह रात्रीचे जेवण. कोदो हा कोकणातला हरीक. भरड धान्यांचे माहात्म्य शहरांना अलीकडे कळले आणि त्यांची किंमत वाढली. इथे ती गरिबाची धान्ये म्हणून नाके मुरडली गेली, तरी बियाणे घराघरांत राहिले. शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यातील सिलपिडी गावच्या लहरी बाई या बैगा तरुणीने अशा भरड धान्यांच्या वाणांची घरच्या घरी जपलेली बियाणे-बँक काही वर्षांपूर्वी देशभर गाजली. पठारावर एखाद्या घरी किंवा खानावळीत कोदोचा भात मिळाला तर तो अवश्य खावा. त्यावर तूप मागू नये. तेलातली चटणी आणि रानभाजी हीच त्याची जोड.

मोहाचे झाड पाहायचे असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जावे. फुले पहाटे गळतात. उजाडायच्या आत बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात आणि ऊन चढेपर्यंत वेचणी चालते. प्रत्येक झाड कोणाचे, हे गावाला ठाऊक असते. फुले वाळवून साठवतात, धान्य संपते त्या दिवसांत खातात, गुरांना घालतात आणि त्यांची दारूही गाळतात. ती दारू देवाच्या पूजेला, जन्माला, लग्नाला आणि मृत्यूला लागते. काजूच्या बोंडूंच्या हंगामात हुर्राकाच्या वासाने भरलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची प्रतिष्ठा वाढली. मोहाच्या वाट्याला बराच काळ केवळ अबकारी खात्याचे छापे आले. अलीकडे मध्य प्रदेश सरकारने आदिवासी बचतगटांनी गाळलेल्या मोहाच्या मद्याला वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली आहे. घरगुती वापरापुरती दारू गाळण्याची आदिवासींना असलेली मुभा पर्यटकाला विकण्यासाठी नसते. तेव्हा कोणाच्या घरी पेला पुढे आला तर तो पाहुणचार समजावा, आणि बाटली विकत मागून त्या घराला अडचणीत आणू नये.

गोंदण, करमा आणि कागदावरचे झाड

बैगा स्त्रीची पहिली ओळख म्हणजे तिचे गोंदण. कपाळावरच्या खुणेने त्याची सुरुवात लहानपणीच होते. पुढे पाठ, हात, पाय, मांड्या असे टप्प्याटप्प्याने शरीर भरत जाते. गोंदण्याचे काम बादी समाजाच्या स्त्रिया करतात, आणि त्यांची मजुरी धान्यात वा पैशांत चुकवली जाते. काजळीची शाई, सुयांचा जुडगा आणि तासन्‌तास सोसलेली वेदना असा हा मामला आहे. दागिने मेल्यावर इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे बैगा स्त्रिया सांगतात. आजच्या मुलींपैकी पुष्कळ जणी कपाळावरच्या खुणेवर थांबतात किंवा तीही नको म्हणतात. शाळेत, शहरात, कामाच्या ठिकाणी त्या खुणेवरून ओळखले जाणे त्यांना नको असते. पर्यटकाला हळहळ वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु सुया टोचून घ्यायच्या की नाही, हे ज्यांच्या कातडीचे आहे त्यांनी ठरवायचे.

नाचांचे वेळापत्रक शेती ठरवते. पावसाळा सरता सरता करम वृक्षाची फांदी अंगणात रोवून तिच्याभोवती करमा नाचतात. मांदरच्या तालावर बायकांची रांग एका बाजूला, पुरुषांची दुसऱ्या बाजूला, आणि गाणे सवालजवाबाचे. दिवाळीनंतर पुरुषांचा काठ्यांचा सैला आणि स्त्रियांचा रीना. लग्नात परघौनी होते : वराकडची मंडळी खाट आणि घोंगड्यांचा हत्ती उभा करून त्याला नाचवत वरातीचे स्वागत करतात. यातला एकही नाच बाहेरच्या पाहुण्यासाठी तयार झालेला नाही. डिंडोरीचे अर्जुनसिंह धुर्वे यांना बैगा नृत्यासाठी २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि हे नाच देशभरच्या मंचांवर पोहोचले, ही आनंदाची गोष्ट. पण मंचावर दहा मिनिटांत संपणारा करमा आणि अंगणात रात्रभर चालणारा करमा यांत जे अंतर आहे, ते प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज कळत नाही.

गोंडांच्या घरी पूजा बडादेवाची असते आणि त्याचे ठाणे साजाच्या, म्हणजे आपल्याकडच्या ऐनाच्या झाडाखाली. बडादेवाला जागे करण्याचे काम परधानांचे. ते बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून गोंड घराण्यांच्या कुळकथा गात. यजमान गरीब झाले तसे ते गाणेही मागे पडले. त्याच परधान समाजातला जनगढसिंह श्याम हा पाटनगढचा तरुण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस चित्रकार ज. स्वामिनाथन यांना भेटला, भोपाळच्या भारत भवनात गेला, आणि गाण्यातली झाडे, हरणे, देव कागदावर उतरू लागले. आज ‘गोंड चित्र’ म्हणून जे जगभर विकले जाते त्याचा आरंभ हा. जनगढचा २००१ साली जपानमध्ये अकाली मृत्यू झाला. मुक्की-बैहरच्या वाटेवरच्या दुकानांत अशी चित्रे दिसतात. घेताना चित्रकाराचे नाव विचारावे. नाव सांगता आले नाही तर बहुधा ते छापील असते.

धर्माच्या कामात मात्र गोंडही बैगाकडे येतो. पेरणीपूर्वीची बिदरी पूजा, गावाची सीमा बांधणे, वाघाचा बंदोबस्त, ही कामे बैगाची; कारण या मातीचा पहिला मालक तो, असे दोघेही मानतात. पृथ्वी डळमळत होती तेव्हा नंगा बैगाने तिच्या चारही टोकांना खिळे ठोकून ती स्थिर केली, ही त्यांची आदिकथा. नांगर म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, म्हणून तो धरायचा नाही. झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत अनेक धान्यांचे बी एकत्र फेकायचे. या शेतीला बेवर म्हणतात. ब्रिटिश वनखात्याला ती खपली नाही. १८९० मध्ये आजच्या डिंडोरी जिल्ह्यातील ठरावीक मुलखापुरती तिला परवानगी उरली, तोच बैगाचक. बाकी सर्वत्र बैगाला नांगर धरावा लागला.

कोणासाठी राखलेले जंगल?

या प्रदेशाची पुस्तकी ओळख जगाला करून दिली ती व्हेरिअर एल्विन यांनी. १९३२ साली ते मंडला जिल्ह्यात राहायला आले, ते शामराव हिवाळे या मराठी मित्रासह. दोघांनी मिळून लोकगीते गोळा केली, दवाखाना आणि शाळा चालवली. हिवाळ्यांनी पुढे परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मराठी वाचकांत त्यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही, हे आपले दुर्दैव. एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ १९३९ चा. त्यात त्यांनी बैगांसाठी आणि शेजारच्या गोंडांसाठी एक प्रकारचे ‘राष्ट्रीय उद्यान’ राखून ठेवावे, असे सुचवले होते. त्यावर गदारोळ झाला. माणसांना संग्रहालयात ठेवायचे काय, असे विचारले गेले. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात या वेगळेपणाच्या कल्पनेलाच आव्हान दिले; आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, असा त्यांचा पक्ष होता. बैगांना काय वाटते, हा प्रश्न या वादात फारसा कोणी विचारला नाही.

पुढे राष्ट्रीय उद्यान झाले, पण ते वाघांसाठी. कान्हाला १९५५ मध्ये तो दर्जा मिळाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, आणि गाभ्यातली गोंड-बैगांची गावे एकामागून एक बाहेर हलवण्यात आली. आज सफारीच्या जीपमधून बारशिंगे चरताना दिसतात ती विस्तीर्ण गवताळ कुरणे पुष्कळ ठिकाणी या हलवलेल्या गावांची जुनी शेते आहेत. नामशेष होण्याच्या बेतात असलेला बारशिंगा या कुरणांमुळे वाचला, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच जागेबद्दल खऱ्या आहेत, आणि वाटाड्या त्यातली एकच सांगत असेल तर दुसरी आपण विचारावी. वाटाड्यांत स्थानिक गोंड-बैगा तरुण आहेत. त्यांच्या आजोबांचे गाव कुठे होते, हे विचारल्यावर बहुधा सफारीचा उरलेला वेळ वेगळाच जातो.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी शेकोटीभोवती ‘बैगा नृत्य’ असते. पाहू नये असे नाही. नाचणाऱ्यांना त्यातून पैसा मिळतो आणि तो त्यांना हवा असतो. परंतु मंडळाला रात्रीचे किती मिळतात, हे व्यवस्थापकाला विचारण्यात गैर काही नाही. चार जणांनी विचारले की आकडा वाढतो. २०१२ मध्ये अंदमानातील जारवा स्त्रियांना खाऊच्या बदल्यात पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशाची मान खाली गेली. कान्हाच्या शेकोटीची तुलना त्याच्याशी करणे अन्यायाचे होईल. तरीही दोहोंमधली वाट उताराची आहे.

संस्कृती पाहायला येणाऱ्यांची व्यवस्था लावण्यात सध्या दक्षिण कोरियाइतका तरबेज देश क्वचितच असेल. सेऊलमध्ये हानबोक हा पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन ग्योंगबोकगुंग राजवाड्यात गेले तर प्रवेश विनामूल्य असतो. बौद्ध विहारांत मुक्काम करून भिक्खूंची दिनचर्या अनुभवण्याची सोय २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने सुरू झाली आणि रुजली. हिवाळ्यापूर्वी घराघरांत एकत्र बसून किमची घालण्याचा ‘किमजांग’ युनेस्कोच्या यादीत २०१३ मध्ये गेला, आणि पाहुण्यांना तो हाताने करायला मिळतो. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांनी मोहित झालेले गोव्यातले तरुण याच अनुभवांसाठी तिकडे जाऊ लागले आहेत. पण त्याच सेऊलमधील बुकचोन या जुन्या घरांच्या वस्तीत रहिवासी इतके गांजले, की पालिकेला काही गल्ल्यांत सकाळी दहा ते सायंकाळी पाच एवढीच वेळ पर्यटकांना ठरवून द्यावी लागली. मार्च २०२५ पासून ती मोडणाऱ्यास एक लाख वॉनचा दंड आहे. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये दाराच्या पायरीवर बसून छायाचित्रे काढून घेणाऱ्यांना तिथल्या रहिवाशांनी किती वेळा उठवले, हे आपल्याला माहीत आहे. उकव्याच्या आसपासच्या बैगा पाड्याच्या बाजूने असा नियम करणारी पालिका नाही.

म्हणून नियम पाहुण्याने आपल्यापुरते करावेत. पाड्यात स्थानिक ओळखीच्या माणसाबरोबरच जावे आणि आधी गावच्या मुकद्दमाला किंवा सरपंचाला भेटावे. कॅमेरा पिशवीत राहू द्यावा. बोलणे झाल्यावर विचारावे आणि नकार आला तर पुन्हा विचारू नये. गोंदणाचे छायाचित्र म्हणजे एका स्त्रीच्या अंगाचे छायाचित्र आहे, हे विशेष ध्यानात ठेवावे. मुलांना चॉकलेट वाटू नयेत. देवठाण्यात चप्पल घालून जाऊ नये, तिथल्या मातीच्या घोड्यांना किंवा लोखंडी साखळ्यांना हात लावू नये. काही घ्यायचे असेल तर टोपली, सूप, मध, कोदो विकत घ्यावे, आणि बाजारभावात घासाघीस करू नये.

जाण्याची सोय अशी : गोव्याहून नागपूर गाठावे, तेथून रेल्वेने गोंदिया आणि पुढे बालाघाट. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्याची जुनी अरुंद मापाची गाडी आता इतिहासजमा झाली. तिच्या जागी रुंद लोहमार्ग आहे. बालाघाटहून उकवा-बैहरला बसगाड्या आहेत, परंतु खेडी पाहायची तर वाहन ठरवणे बरे. नागपुरात दिवस हाती असेल तर १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, नागपूरकरांचा ‘अजबबंगला’, आधी पाहून घ्यावा. कान्हाचे जंगल पावसाळ्यात बंद असते. हंगाम ऑक्टोबर ते जून. करमासाठी पाऊस सरतानाचे दिवस, सैला-रीनासाठी दिवाळीनंतरचे, मोहासाठी उन्हाळ्याचा आरंभ. बालाघाट जिल्हा अनेक दशके नक्षलग्रस्त होता. मुख्य रस्ता सोडून आत जायचे असल्यास स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करून जावे, आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे.

ज्याला एकच दिवस निवडायचा आहे, त्याने माघी पौर्णिमा निवडावी, आणि त्या दिवशी पठारावर न जाता खाली महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडला जावे. डोंगरातल्या प्रचंड गुहेत कोंडलेल्या आपल्या पूर्वजांची सुटका इथे झाली आणि पारी कुपार लिंगोने त्यांना कोया पुनेमची शिकवण दिली, अशी गोंडांची श्रद्धा आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, विदर्भ अशा सर्व दिशांनी माणसे येतात. सप्तरंगी ध्वज, ढोल, पाठीवर लेकरे, गोंडी पुस्तकांची दुकाने आणि डोंगराच्या पायथ्याशी शिजणारा सामुदायिक भात. तिथे पर्यटकांसाठी वेगळी रांग नसते आणि नाच कोणी मागणीवरून करत नाही. दरेकसा स्थानकावर उतरून गर्दीबरोबर चालू लागले की वाट विचारावी लागत नाही.